आधी झोप, मग मैदान: किशोरवयीन मुलांना व्यायामाची सवय लावताना पाळायचा क्रम

नववीतला मुलगा शाळा-क्लास सोडला तर दिवसभर मोबाइल घेऊन लोळलेला असतो. काही विचारलं की अंगावर येतो, नाही तर 'काही नाही' म्हणून खोलीत जातो. मग एके रात्री घरात ठरतं: उद्यापासून पाचला उठायचं आणि सोलापूरच्या पार्क मैदानावर पळायला जायचं. बूट येतात, गजर लागतो. चौथ्या दिवशी भांडण होतं आणि दुसऱ्या आठवड्यात बूट माळ्यावर जातात. 'याला काही करायचंच नाही' असा शिक्का बसतो तो वेगळाच.

यात मुलाचा आळस थोडा असतो, चुकलेला क्रम जास्त. बूट आणि गजर या शेवटच्या गोष्टी आहेत. त्याआधी झोप, घरातल्या मोठ्यांचं एकमत आणि मुलाशी एक नीट बोलणं व्हावं लागतं. खालचे टप्पे १३ ते १७ वर्षांच्या मुला-मुलींसाठी आहेत. ते याच क्रमानं घ्या, मधला एखादा गाळू नका.

गाठायचं कुठे, तेही पाहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयोगटाला आठवडाभराच्या सरासरीनं रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात दम लागणारा आणि स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम असावा. 'सरासरी' हा शब्द बहुतेक पालक वाचतच नाहीत. एका दिवशी ३० मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी ९० मिनिटं झाली तरी हिशेब जुळतो. शून्यापासून सुरू करणाऱ्या मुलाला तिथे पोचायला आठ-दहा आठवडे लागतात. ६० मिनिटं पहिल्या दिवशी करायची नसतात.

## टप्पा १: डॉक्टरांकडे कुणी आधी जायचं

धडधाकट मुलाला चालणं, सायकल किंवा दोरीवरच्या उड्या सुरू करायला तपासणी लागत नाही. पुढीलपैकी काहीही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जोरकस खेळ सुरू करू नका:

- पळताना किंवा खेळताना कधी चक्कर येऊन पडला असेल, छातीत दुखलं असेल किंवा धडधड जाणवली असेल.
- जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक, हृदयविकारानं किंवा कारण न कळता गेलं असेल.
- दमा असेल. दमा आहे म्हणून खेळ बंद करायचा नसतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप वापरायचा आणि तो खिशात ठेवायचा.
- मुलगी जिना चढताना धापा टाकत असेल, पापणीच्या आतली बाजू फिकट असेल, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबू. 'ही दोन मिनिटांत दमते, हिला सवय नाही' असं ज्या मुलींबद्दल म्हटलं जातं, त्यांतल्या बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन कमी असतं. १२ वर्षांवरच्या मुलीत ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळते. मळमळतं म्हणून पुष्कळ मुली ती टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, चहानं लोह नीट अंगी लागत नाही. रक्त भरून न काढता तिला पळायला लावलं तर ती रोज हरेल आणि दोष स्वतःलाच देईल.

## टप्पा २: एक आठवडा फक्त नोंद

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. एका कागदावर रोजच्या चार गोष्टी लिहा: झोपला किती वाजता, उठला किती वाजता, शाळा-क्लासला गेला कसा (पायी, सायकल, रिक्षा, गाडीवर), आणि सर्वात जास्त चिडचिड कोणत्या वेळी झाली. मुलाला सांगूनच लिहा. चोरून ठेवलेली नोंद सापडली की पुढचं सगळं बोलणं फसतं.

सातव्या दिवशी कागद पाहिला की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, दिवसात मोकळा वेळ वाटतो तेवढा नसतो: सकाळची शाळा, दुपारी जेवण, चारपासून क्लास, रात्री गृहपाठ. दोन, चिडचिडीची वेळ बहुधा ठरलेली असते. पोटात काही नसताना क्लासहून आल्यावर किंवा झोप अपुरी झालेल्या सकाळी ती होते. इथे निम्मं कोडं सुटतं. संध्याकाळी सहाला घरी आल्याबरोबर मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा चटणी-भाकरी हातात पडली तर काही घरांतली रोजची वादावादी तिथेच मिटते.

नळाला पाणी येण्याचा दिवस आणि वेळ हीही याच कागदावर लिहा. सोलापुरात पाणी रोज येत नाही. आलं त्या दिवशी घरातले सगळे हात भांडी भरण्यात गुंततात. त्या दिवशी व्यायाम ठरवलाच नाही तर तो बुडतही नाही. (दोन कळशा घेऊन दोन मजले पाच वेळा चढणं हाही जोरकस व्यायामच आहे. तो हिशेबात धरा आणि मुलाला तसं सांगाही.)

## टप्पा ३: घरातल्या मोठ्यांचं आधी एकमत

आई म्हणते खेळू दे. बाबा म्हणतात, दहावी झाल्यावर बघू. आजी म्हणते, उन्हात काळी पडशील. मुलगी बरोबर तेवढंच ऐकते, जेवढं तिला घरात बसायला पुरेसं असतं. म्हणून मुलाशी बोलण्याआधी मोठ्यांनी आपापसात या गोष्टी ठरवायच्या:

1. या विषयावर मुलाशी एकानंच बोलायचं. ज्याच्याशी त्याचं कमी भांडण होतं, त्यानं. मामा किंवा आत्या असली तरी चालेल.
2. वजन, जाडी, रंग, उंची यांवर कुणीही शेरा मारायचा नाही, पाहुण्यांनीसुद्धा. 'जाड्या, जरा पळ' असं गमतीनं म्हटलं तरी मूल व्यायामाचा संबंध शरमेशी जोडतं. मग ते व्यायाम तरी सोडतं, नाही तर जेवण.
3. मार्क कमी पडले म्हणून खेळ बंद करायचा नाही आणि चुकलं म्हणून उठाबशा काढायला लावायच्या नाहीत. जी गोष्ट शिक्षा म्हणून दिली, ती आवडीनं करायला कुणी पुढे येत नाही.
4. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली म्हणून तिचं बाहेर खेळणं थांबवायचं नाही. काळजी असेल तर सोबत, वेळ आणि रस्ता ठरवा.

सोलापूरच्या पूर्व भागात आई-वडील दोघंही यंत्रमागावर किंवा विडीच्या कामाला असले तर मुलावर लक्ष ठेवायला घरी कुणी नसतं. तिथे शेजारच्या दोन-तीन मुलांची जोडी लावणं हाच मार्ग बरा. मुलं एकमेकांना बोलावतात, मोठ्या माणसाला मागे लागावं लागत नाही.

तपासा: चौथ्या मुद्द्यावर घरात एकमत झालं नसेल तर पुढे जाऊ नका. आठवडाभर थांबलेलं बरं. सुरू करून महिन्याभरात घरातूनच बंद पाडलं तर मुलगी दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ४: मुलाशी बोलणं

हा टप्पा सर्वात लहान दिसतो आणि सर्वात जास्त इथेच बिघडतं. वेळ चुकते, जागा चुकते, पहिलं वाक्य चुकतं.

वेळ आणि जागा. रिझल्टच्या दिवशी नको, भांडणानंतर नको, जेवणाच्या ताटावर तर नकोच. समोरासमोर बसवून घेतलं की ते कोर्ट वाटतं. शेजारी चालताना मुलं जास्त बोलतात. रात्री जेवणानंतर दूध किंवा दही आणायला बरोबर न्या. दहा मिनिटं पुरे.

पहिलं वाक्य. 'तू हल्ली फार मोबाइल बघतोस' या वाक्यानं सुरुवात केली की बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा आणि थांबा: "क्लासहून आलास की पार गळून गेलेला असतोस. काय होतंय?" उत्तर आलं नाही तर गप्प राहा. ती शांतता भरून काढायची घाई पालकांनाच असते.

पर्याय त्याचे. 'पळायला जायचं की नाही' असा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं आहे. तीन-चार प्रकार पुढे ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा: सायकल, बॅडमिंटन, कबड्डी, दोरीवरच्या उड्या, घरात गाणी लावून नाच. तुम्हाला क्रिकेट हवं असेल आणि तिनं नाच निवडला, तर नाच. स्वतः निवडलेली गोष्ट मूल जास्त टिकवतं. त्यातून 'माझं मी ठरवलं' ही जी भावना येते, तिचाही मनाला फायदा होतो.

उत्तर 'बघू की' आलं तर? सोलापुरात हे नकार देण्याचं सभ्य रूप आहे. दोन दिवस विषय काढू नका. तिसऱ्या दिवशी विचारा, "कोण बरोबर असतं तर गेला असतास?" वर्गातल्या मुलांनी हसणं, खेळाच्या तासाला शेवटी निवडलं जाणं, तंग कपड्यांची लाज, मैदानावरच्या मोठ्या पोरांची दादागिरी ही या वयात व्यायाम टाळण्याची खरी कारणं असतात. तोंडावर मात्र 'कंटाळा' येतो. असं कारण कळलं तर त्याचा बंदोबस्त आधी करा आणि मैदान नंतर.

## टप्पा ५: झोप जुळवणं

किशोरवयात झोप ८ ते १० तास लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. त्यात मोबाइल मिळाला की बारा वाजलेच. अशा मुलाला पाचला उठवलं तर पाच तासांची झोप होते. पाच तास झोपलेलं मूल चिडतं, रडकं होतं, अभ्यास विसरतं, आणि घरचे म्हणतात, व्यायामानं थकला.

म्हणून गजर लावण्याआधी झोपायची वेळ मागे आणा. एकदम दोन तास नाही. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं. बाराला झोपणारा मुलगा असा साधारण दोन-अडीच आठवड्यांत पावणेअकरावर येतो. त्यासाठी:

- घरातले सगळे मोबाइल रात्री एकाच जागी चार्जिंगला लावायचे, स्वयंपाकघरात. 'सगळे' म्हणजे बाबांचाही.
- सकाळी उठल्यावर दहा मिनिटं गच्चीत किंवा दारात उजेडात.
- दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि चारच्या आधी.
- रविवारी उठण्यात तासाभरापेक्षा जास्त फरक नको. रविवारी अकरापर्यंत झोपलं की सोमवार मोडतोच.

तपासा: सलग पाच दिवस मूल गजराशिवाय किंवा एका हाकेत उठत असेल तर पुढचा टप्पा. नसेल तर व्यायाम संध्याकाळचा ठेवा. सकाळीच व्यायाम केला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

## टप्पा ६: जागा, वेळ आणि सामान

सामानाचं पटकन उरकू. पहिल्या महिन्यात फक्त बूट. ते संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. 'दोन वर्षं चालतील' म्हणून दोन नंबर मोठे घेतले की टाच घासते आणि पाय मुरगळतो. दर तीन-चार महिन्यांनी जागा पुन्हा तपासा. मुलींना नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आईनं न मागता आणून द्यावी. अनेक मुली केवळ या एका अडचणीमुळे पळणं सोडतात आणि कधीच सांगत नाहीत.

जागा घराजवळची बघा. पार्क मैदान, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, किल्ल्याजवळची हुतात्मा बाग, विजापूर रोडकडे कंबर तलाव या चांगल्या जागा आहेत. पण अक्कलकोट रोडच्या मुलीनं रोज तिथवर जायचं म्हटलं तर ते पंधरा दिवसांच्या वर टिकणार नाही. दहा मिनिटांत पोचता येईल ती जागा खरी, मग ती शाळेचं पटांगण असो की वसाहतीतला मोकळा प्लॉट. घर लहान असेल तर सहा फूट बाय चार फूट जागेत दोरी सोडून बाकी सगळं होतं.

पहाटे अंधारात मुलांना एकटं सोडू नका. मोकाट कुत्री हे मोठं कारण, आणि भरधाव जाणारी वाहनं दुसरं. मुलींचा तिघी-चौघींचा गट, दिवे असलेला रस्ता, गटात एक फोन आणि परतायची ठरलेली वेळ एवढं पुरे. भावाला पहारेकरी म्हणून पाठवू नका, त्यात दोघांचाही खेळ जातो.

गणेशोत्सवाआधी चौकाचौकांत लेझीमचा सराव चालतो, त्याकडे व्यायाम म्हणून बघा. ताल, दम, उड्या, बैठका आणि सोबत पन्नास जण. जे मूल एकट्यानं पाच मिनिटं पळत नाही ते इथे तासभर नाचतं. फक्त सराव रात्री किती वाजता संपतो ते आधी विचारा, नाही तर टप्पा ५ वर पाणी पडतं.

### उन्हाचा नियम

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सोलापुरात ऊन कडक असतं, पारा चाळिशीच्या वरही जातो. या काळात बाहेरचा व्यायाम सकाळी साडेसातच्या आत संपवा किंवा संध्याकाळी साडेसहानंतर सुरू करा. सुट्टी लागली म्हणून अकरा वाजता क्रिकेटला पाठवणं ही दर वर्षीची चूक आहे.

1. निघण्याआधी अर्धा तास एक-दोन ग्लास पाणी.
2. खेळताना दर २० मिनिटांनी १५० ते २०० मिली, म्हणजे लहान पेलाभर. तहान लागायची वाट बघू नये.
3. तासापेक्षा जास्त घाम गाळला तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक. एनर्जी ड्रिंक अजिबात नको, त्यात कॅफीन असतं.
4. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडलं आहे.
5. परगावाहून आल्यावर किंवा सुट्टीनंतर उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर वेळ निम्मी.

सावध: डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले तर लगेच सावली, पाणी आणि विश्रांती. मूल बरळायला लागलं, झोकांड्या खाऊ लागलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

## टप्पा ७: पहिले १४ दिवस

आठवड्यातून चार दिवस, दर वेळी २० मिनिटं. बस्स. मूल 'अजून खेळतो' म्हणालं तर पहिला आठवडा थांबवाच. इच्छा शिल्लक असताना घरी आलेलं मूल दुसऱ्या दिवशी स्वतः निघतं.

- ५ मिनिटं: सावकाश चालणं, हात-खांदे-घोटे फिरवणं.
- १२ मिनिटं: निवडलेला प्रकार. पळायचं असेल तर १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं चार वेळा.
- ३ मिनिटं: चालत दम शांत करणं, पोटऱ्या आणि मांड्यांना ताण देणं.

जोर किती हे घड्याळाशिवाय कळतं. बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तो जोरकस. पहिल्या पंधरवड्यात मध्यमच्या वर जाऊ नये.

मुलाला एक छोटी वही द्या. निघण्याआधी आणि आल्यावर मन कसं आहे, त्याला १ ते ५ पैकी आकडा. एवढंच लिहायचं. ही वही पालकांनी उघडायची नाही. दोन आठवड्यांनी २ चे ३ आणि ३ चे ४ झालेले त्यानं स्वतः पाहिले, तर तुमच्या दहा व्याख्यानांची गरज उरत नाही.

परत आल्यावर दहा मिनिटं प्रश्न नाहीत. 'किती राउंड झाले? जिंकलास का?' हे नकोच. पाणी द्या. विचारायचंच असेल तर "आज जड गेलं की सोपं?" सामना हरून आला असेल तर लगेच चुका सांगू नका, पंचांनाही शिव्या घालू नका. "वाईट वाटतंय ना" एवढं म्हणून ताट वाढा. हार पचवणं मूल याच वेळी शिकतं आणि पालक नेमके इथेच मध्ये येतात.

तपासा: आठपैकी सहा वेळा झालं का? झालं तर पुढे. चार-पाच वेळा झालं तर तेच १४ दिवस पुन्हा. चारपेक्षा कमी असेल तर प्रकार, वेळ किंवा सोबत यांपैकी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदलल्या तर अडत कुठे होतं ते कळतच नाही.

## टप्पा ८: वेळ वाढवणं आणि ताकद

दर आठवड्याला दर वेळेत ५ मिनिटं वाढवा, त्यापेक्षा जास्त नको. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पाचवा दिवस जोडा. क्लासला सायकलनं किंवा चालत जाणं जमत असेल तर तेही हिशेबात धरा. जाऊन-येऊन २० मिनिटांची सायकल म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा झाला.

चौथ्या आठवड्यापासून एक दिवसाआड ताकदीचा व्यायाम. व्यायामानं उंची खुंटते ही भीती निराधार आहे. स्वतःच्या वजनाचे व्यायाम नीट पद्धतीनं केले तर या वयात सुरक्षित आहेत:

1. बैठका: १० च्या दोन फेऱ्या. टाचा जमिनीवर, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत.
2. जोर: आधी भिंतीला हात टेकवून, मग गुडघे टेकवून, मग पूर्ण. ८ च्या दोन फेऱ्या.
3. कोपरांवर शरीर सरळ तोलून धरणं: २० सेकंद, दोनदा.
4. दोरीवरच्या उड्या: ३० सेकंद उड्या, ३० सेकंद थांबा, असं आठ वेळा. हाडांसाठी उड्यांसारखं दुसरं काही नाही. हाडं भरण्याचं वयही हेच.

शेवटच्या दोन आवृत्त्या पहिल्या दोनइतक्याच नीट झाल्या पाहिजेत. अंग वाकडं व्हायला लागलं की फेरी संपली. तालमीत जाणार असेल तर वस्तादांना वय आणि सवय स्पष्ट सांगा. जिममध्ये कुणी पावडर किंवा इंजेक्शन सुचवलं तर ती जिम बदला. डाळ, शेंगदाणे, हुलगे, अंडी, दूध, ज्वारीची भाकरी यांतून या वयाला लागणारी प्रथिनं मिळतात.

सावध: झपाट्यानं उंची वाढणाऱ्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो, उड्या मारल्या की जास्त दुखतो. आठवडाभर उड्या आणि पळणं कमी करा, खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं लावा. दुखत असताना 'दम काढ' म्हणून रेटू नका. लंगडत असेल किंवा रात्रीही दुखत असेल तर डॉक्टर.

पाळीत खेळायला हरकत नाही. खेळायचं की त्या दिवशी नुसतं चालायचं, हे मुलीनं ठरवावं.

## टप्पा ९: मनाकडे लक्ष, आणि व्यायाम कुठे पुरत नाही

नियमित हालचालीनं झोप सुधारते, अस्वस्थता कमी होते, सौम्य उदासीलाही उतार पडतो. पण तो उपचाराला पर्याय नाही. खोल उदासी आलेल्या मुलाला 'जरा पळून ये, बरं वाटेल' म्हटलं तर त्याला एकच गोष्ट ऐकू जाते: तू नीट प्रयत्न करत नाहीस. त्या अवस्थेत अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं असतं.

यांपैकी काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा: आवडत्या गोष्टीतही रस नाही, सतत उदास किंवा सतत संतापलेलं, झोप-भूक फार कमी किंवा फार जास्त, मित्र तुटलेले, शाळेला रोज पोटदुखी. व्यायामाचा अतिरेकही याच यादीत येतो. जेवण टाळून दोनदा पळणं, एक दिवस चुकला तर कासावीस होणं, मुलीची पाळी सलग तीन महिने न येणं, ही शिस्त नव्हे, धोका आहे.

आणि यात एक दिवसही थांबायचं नाही: मरणाविषयी बोलणं किंवा लिहिणं, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, अंगावर कापल्याच्या खुणा. मे महिन्याच्या उन्हातही मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट काढत नसेल तर शांतपणे कारण विचारा. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" हा प्रश्न सरळ विचारावा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, उंदराचं विष कुलपात ठेवा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. प्रत्यक्ष दाखवायला सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे. तिथे जाताना 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न मुलासमोर तोंडातून काढू नका.

## टप्पा १०: परीक्षा, आजारपण, खंड

दहावी-बारावीच्या जानेवारीत पहिला बळी खेळाचा जातो. पूर्ण बंद करण्याऐवजी रोज २० मिनिटांवर आणा: संध्याकाळी अभ्यासाच्या दोन बैठकांमध्ये जोरात चालणं किंवा दोरी. स्पर्धा आणि नवा खेळ तेवढे पुढे ढकला. झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नका, परीक्षेच्या आदल्या रात्रीही नाही.

गड्ड्याची यात्रा, लग्नसराई, गावची जत्रा यांत खंड पडणारच, त्यावर भांडू नका. पुन्हा सुरू करताना हा हिशेब धरा: आठवड्याचा खंड असेल तर पूर्वीच्या वेळेच्या तीन चतुर्थांश, दोन ते चार आठवड्यांचा असेल तर निम्मी वेळ, त्याहून मोठा असेल तर सरळ टप्पा ७ चे १४ दिवस. ताप असताना व्यायाम नाही. ताप उतरल्यावर दोन दिवस नुसतं चालणं. डेंग्यू, कावीळ किंवा टायफॉइड झाला असेल तर खेळ कधी सुरू करायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवा.